नामानाचा राग

प्रार्थनेने आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या ख्रिस्ती चंगाई सभेची एखादी चित्रफीत मोबाइलवर फिरू लागली की पुढचे आठ-दहा दिवस काय होणार हे आता आधीच सांगता येते. एका बाजूने साक्षींचा पूर येतो. कुबड्या टाकून चालणारा माणूस, पोटातली गाठ विरघळल्याचे सांगणारी बाई, आणि खाली ‘देव आजही जिवंत आहे’ अशा प्रतिक्रियांची रांग. दुसऱ्या बाजूला जुन्या, शिस्तीच्या मंडळ्यांमधली, म्हणजे चर्चमधली, शहाणी माणसे नाक मुरडतात. देव भेटायचा तर उपासनेत भेटतो, प्रभुभोजनात भेटतो, वचनात, म्हणजे शास्त्रात, भेटतो; मैदानावर मांडव घालून लाउडस्पीकरवर ओरडल्याने तो येत नाही, असे त्यांचे म्हणणे. तिसरीकडून विवेकवादी येतात, तपासणीचे आधीचे आणि नंतरचे अहवाल मागतात, आणि ते कुणी देत नाही म्हटल्यावर वाद जिंकल्याचे जाहीर करून निघून जातात. तिघांचे भांडण कडाक्याचे आहे, पण एका गोष्टीवर तिघांचेही गुपचूप एकमत दिसते. देव असलाच, भेटलाच, तर ठरल्या जागी, ठरल्या रीतीने, लगेच ओळखू येईल असाच भेटणार. पहिल्यांच्या मते ती जागा व्यासपीठ, दुसऱ्यांच्या मते वेदी, तिसऱ्यांच्या मते प्रयोगशाळा.

ज्या ग्रंथाच्या नावाने हा वाद चालतो, त्या बायबलला हे गृहीतकच मान्य नाही. तिथे देवाची भेट सहसा चुकीच्या जागी होते, चुकीच्या माणसाला होते, पुष्कळदा त्या वेळी कळतही नाही, आणि कळते तेव्हा हातात दिलासा कमी आणि काम जास्त असते. म्हणून खरी भेट कोणती आणि भास किंवा भूल कोणती, याचा निकाल त्या क्षणी किती विलक्षण घडले यावरून लावू नये. त्यानंतर काय झाले, कुणाच्या पदरात काय पडले, यावरून लावावा. हा नियम लावला तर चंगाई सभेच्या समर्थकांना बरेच काही सोडावे लागेल. टीकाकारांनाही थोडेफार सोडावे लागेलच.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा पाचवा अध्याय या वादात रोज वापरला जातो, पण अर्धाच. नामान हा अरामच्या राजाचा सेनापती, कुष्ठरोगी. त्याच्या घरात इस्राएलातून पळवून आणलेली एक पोर त्याच्या बायकोच्या हाताखाली राबते आहे. ग्रंथाने तिचे नावही दिलेले नाही. इस्राएलातल्या शोमरोन शहरातला संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, बरे करील ही बातमी ती देते. नामान निघतो तो मोठ्या माणसाच्या थाटात: राजाचे पत्र, दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोने, दहा पोशाख. एक किक्कार म्हणजे साधारण ३० ते ३५ किलो. नुसती चांदीच तीन क्विंटलच्या वर. पत्रही जाते ते थेट इस्राएलच्या राजाकडे, आणि हा लढाईचा बहाणा दिसतो म्हणून तो बिचारा घाबरून आपले कपडे फाडतो. शेवटी रथ त्या संदेष्ट्याच्या, अलीशाच्या, दारात थांबतात, तर अलीशा बाहेरसुद्धा येत नाही. निरोप्याच्या तोंडून सांगतो, जा, यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. नामान भडकतो. का भडकतो ते अकराव्या वचनात आहे: मला वाटले होते तो बाहेर येईल, उभा राहील, आपल्या देवाचे नाव घेईल, रोगाच्या जागी हात फिरवील. आजच्या चंगाई सभेचा सगळा कार्यक्रम या एका वाक्यात आहे, आणि तो संदेष्ट्याच्या तोंडी नाही, रागावलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडी आहे. त्याची समजूत घालतात ते नोकर. संदेष्ट्याने अवघड काही सांगितले असते तर ते तुम्ही केलेच असते ना, मग एवढे साधे का करत नाही? म्हणजे बातमी दासीची, सल्ला नोकरांचा, नदी परक्या मुलखातली आणि त्याच्या मते आपल्या दिमिष्कातल्या (दमास्कसच्या) नद्यांपेक्षा हलकी. देव भेटला, पण ज्या ज्या ठिकाणी नामान त्याला शोधत होता ती सगळी ठिकाणे टाळून भेटला.

अर्धा अध्याय म्हणतो तो पुढचा. बरा झालेला नामान भेट द्यायला परत येतो, अलीशा शपथ घेऊन नाही म्हणतो. अलीशाचा सेवक गेहजी मात्र रथामागे धावतो, एफ्राइमाच्या डोंगरातून दोन तरुण आले आहेत अशी थाप मारतो, एक किक्कार चांदी मागतो आणि दोन घेऊन येतो. मालकाने विचारल्यावर ‘मी कुठेच गेलो नव्हतो’ म्हणतो. नामानाचा कुष्ठरोग गेहजीला चिकटतो, एवढ्यावर अध्याय संपतो. चंगाईवरच्या प्रवचनांत नामानाच्या सात बुड्या मी म्हणाल तितक्या दाखवीन, पण त्याच व्यासपीठावरून अर्पणाची पिशवी फिरण्याआधी गेहजी वाचलेला सहसा आढळत नाही. कसोटी इतकी सोपी असताना ती वापरायची कुणी? सभेचा हिशेब जाहीर आहे का, बरे होण्याशी पैशाचा संबंध जोडला जातो का, ‘बी पेरा म्हणजे पीक येईल’ अशी भाषा आहे का, एवढे तीन प्रश्न विचारायला अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यकर्ता कशाला लागतो? मंडळीतल्या कुठल्याही आजीबाई ते विचारू शकतात, आणि त्यांना शास्त्राचा आधार आहे.

समर्थकांचा सर्वांत बळकट मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. ते म्हणतात, बायबलमध्ये थरारक भेटी नाहीत काय? दिमिष्काच्या वाटेवर शौल, म्हणजे पुढचा पौल, प्रकाशाने खाली पडला. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला. येशूने शेकडो रोगी बरे केले. महाराष्ट्रातच पाहायचे तर १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुलींमध्ये जे जागरण झाले ते काही शांत वाचनवर्ग नव्हते. रडणे, पापकबुली, तासन्‌तास प्रार्थना, सगळे तिथे झाले. हे खरे आहे, आणि ज्यांना रमाबाईंच्या विद्वत्तेचे कौतुक असते पण १९०५ ची अडचण वाटते, त्यांनी रमाबाई अर्ध्याच स्वीकारल्या असे म्हणावे लागेल.

पण या थरारक प्रसंगांच्या पुढची पाने उलटा. शौल तीन दिवस आंधळा, उपाशी पडून राहतो. त्याला दृष्टी मिळते ती हनन्या नावाच्या एका साध्या शिष्याच्या हातून, जो आधी जायलाच तयार नसतो. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल स्वतः सांगतो की त्यानंतर तो अरबस्तानात गेला आणि यरुशलेमेत पेत्राला भेटायला तीन वर्षांनी गेला. साक्ष देण्याची घाई त्याच्या आयुष्यात आहे, पण तिच्यासाठी त्याने फटके खाल्ले, मानधन घेतले नाही. पोटासाठी तो तंबू शिवत होता. येशूने कुष्ठरोगी बरा केला तेव्हा मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात दोन आज्ञा आहेत: कुणाला सांगू नकोस, आणि जाऊन याजकाला दाखव. ही दुसरी आज्ञा म्हणजे लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातली तपासणीची पद्धत आहे. याजक छावणीबाहेर येऊन अंग पाहणार, सात दिवस थांबणार, सातव्या दिवशी पुन्हा मुंडण आणि स्नान, आठव्या दिवशी अर्पण. म्हणजे बरे झाल्याचा दावा त्याच संध्याकाळी ध्वनिक्षेपकावर करायचा नाही. ज्याचे काम तपासण्याचे त्याच्याकडून तपासून घ्यायचा. आणि केडगावच्या त्या जागरणानंतर काय झाले? मुली टोळ्या करून खेड्यांत निघाल्या, आणि रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामाला जुंपून राहिल्या. १९२२ साली मृत्यूच्या अगदी थोडे आधी ते संपले. खिळे जुळवून ते छापणाऱ्या मुक्तीमधल्याच बाया होत्या. उसळी थोड्या काळाची, काम पुढच्या जवळपास दीड तपाचे.

कॅथलिक परंपरेने हीच सावधगिरी नियमांत बसवली आहे, आणि विवेकवादी मित्रांना ती बहुधा ठाऊक नसते. अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लांबेर्तिनी या धर्मपंडिताने, जे पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झाले, चमत्कारिक बरे होण्याच्या अटी घालून दिल्या. आजार गंभीर हवा. तो आपोआप ओसरण्याच्या टप्प्यावर नको. बरे होणे औषधाने झालेले नको. ते अचानक, संपूर्ण आणि टिकणारे हवे. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ साली बर्नादेत नावाच्या मुलीला अठरा वेळा मरियामातेचे दर्शन झाले असे मानले जाते. तिथे १८८३ पासून वैद्यकीय कचेरी आहे, तिच्याकडे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले, आणि २०१८ पर्यंत चर्चने त्यांतले फक्त ७० मान्य केले. ते सत्तर खरे की नाही यावर वाद घाला, जरूर घाला. पण शंभरातल्या नव्व्याण्णवांना चर्च स्वतःच ‘सिद्ध नाही’ म्हणते, हे पाहिल्यावर ‘श्रद्धा म्हणजे डोळे मिटणे’ हा आरोप सरसकट कसा टिकेल? उलट, मैदानावरच्या एका संध्याकाळी पन्नास-पन्नास चमत्कार जाहीर करणाऱ्याला आधी चर्चच्याच जुन्या नियमांना उत्तर द्यावे लागेल.

दुसरा बळकट मुद्दा गरिबीचा आहे. चंगाई सभेला कोण जाते? ज्याला शहरातल्या दवाखान्याचे बिल परवडत नाही तो. त्याला ‘अडाणी’ म्हणून हिणवणारा शिकलेला ख्रिस्ती माणूस स्वतः वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचा हात किंवा पाय वाहतो तेव्हा त्याला ती ‘परंपरा’ वाटते. हा दुटप्पीपणा मान्य करावाच लागतो. आजारी माणसाला कुणी जवळ घेतले, नाव विचारले, डोक्यावर हात ठेवला, एवढ्यानेच ज्याला रडू येते त्याच्या रडण्याची चेष्टा करणे हे काही विवेकाचे लक्षण नाही. पण गरिबीचा हा मुद्दा एका जागी उलटतो. गोळ्या बंद करा, इन्सुलिन सोडा, शंका घेतली तर चंगाई जाईल, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा किंमत गरीबच मोजतो. साखर तर उपासनेच्या तालावर उतरत नाही; इन्सुलिन तोडल्यावर टाइप १ चा रुग्ण काही दिवसांत बेशुद्ध पडू शकतो, क्षयाची औषधे मध्येच सोडली तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि फिट्सची गोळी एकदम बंद केली तर फिट्स आधीपेक्षा जोरात येतात. यात अविश्वास कुठे आला? हिज्कीया राजा मरणाला टेकला, देवाने पंधरा वर्षे वाढवून दिली, आणि त्याच परिच्छेदात यशया संदेष्टा म्हणतो, अंजिरांचा लेप आणा, गळवावर बांधा. वचन आणि लेप एकाच ओळीत. कॅथलिक बायबलमधल्या बेनसिराच्या पुस्तकात वैद्याचा मान राखा, कारण देवानेच त्याला निर्माण केले, असा अडतिसाव्या अध्यायात सरळ उपदेश आहे. कायदाही या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे: १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने कर्करोग, मधुमेह यांसारखे आजार बरे करण्याच्या जाहिरातीला बंदी घातली आहे, आणि महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. या कायद्यांना ‘आमच्या धर्मावर हल्ला’ म्हणणाऱ्यांनी अंजिराचा लेप आठवावा.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, म्हणजे ‘देव वचनात भेटतो, बास’ म्हणणाऱ्यांकडे. त्यांचे भय योग्य आहे. मनात आले ते देवाचे बोलणे, असे एकदा मान्य केले की कुणीही काहीही बोलू शकतो. मग लग्नही ‘देवाने सांगितले’ म्हणून ठरते आणि जमिनीचा व्यवहारही. पण वचनात भेटतो म्हणजे नेमके कसे? आपल्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्री किंवा एक जानेवारीला मंडळीत छापील कार्डांचा डबा फिरतो, ज्याला जे कार्ड येईल ते त्याचे ‘वर्षाचे वचन’. त्यात यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले २९:११ हमखास असते: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. ते कार्ड फ्रिजवर लागते, दुकानाच्या गल्ल्यावर लागते. मूळ जागी हे वाक्य एका पत्रात आहे. यरुशलेमेतून बाबेलात, इ.स.पू. ५९७ च्या सुमारास धरून नेलेल्या लोकांना लिहिलेले पत्र. अकराव्या वचनाच्या एकच वचन आधी अट आहे: सत्तर वर्षे झाल्यावर. पाचव्यापासून सातव्यापर्यंत आज्ञा आहेत: घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या शत्रूच्या शहरात तुम्हांला आणले त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी हे पत्र ऐकले त्या कर्त्या पिढीतले बहुतेक लोक परत जाणारच नव्हते. आणि याच्या आदल्याच अध्यायात दुसरा एक संदेष्टा आहे, त्याचेही नाव हनन्या. तो जाहीर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येईल. लोकांना हवे ते बोलणारा, भर मंदिरात बोलणारा, यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू मोडून टाळ्या घेणारा. त्याच वर्षाच्या सातव्या महिन्यात तो मेला. डब्यातून कार्ड काढणाऱ्याला यिर्मयाचे वाक्य मिळते, पण ते ऐकू येते हनन्याच्या आवाजात. स्तोत्र ८८, जे अंधारातच संपते आणि ज्याला शेवटी एकही आशेची ओळ नाही, ते तर कुणाच्या वाट्याला येतच नाही, कारण डब्यात घातलेलेच नसते.

यावर जुन्या चर्चचा मोठा धर्मपंडित संत ऑगस्टीन याचे उदाहरण पुढे येते. इ.स. ३८६, मिलानमधली बाग, शेजारून मुलाचा आवाज, ‘घे आणि वाच’. त्याने पुस्तक उघडले, डोळा रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायावर पडला आणि आयुष्य पालटले. मग आम्ही उघडले तर काय बिघडले? बिघडते ते असे की ऑगस्टीनने पौलाची पत्रे त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतली नव्हती. तो ती आधीपासून नेटाने वाचत होता, जवळपास दोन वर्षे मिलानचा बिशप अँब्रोज याची प्रवचने ऐकत होता, आणि त्या ओळीने त्याला हवे ते दिले नाही. जे सोडायला तो वर्षानुवर्षे कचरत होता तेच सोडायला लावले. शिवाय याच ऑगस्टीनने पुढे यानुआरिउस नावाच्या माणसाला लिहिलेल्या पत्रात शुभवर्तमानाची पाने उघडून संसारी व्यवहारांचे कौल घेण्याची चाल आपल्याला आवडत नाही असे स्वच्छ लिहिले. इ.स. ५०६ मध्ये गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) आग्द इथल्या धर्मसभेने शास्त्र उघडून भविष्य पाहणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा ठरवली. हे खूळ नवे नाही आणि त्यावरचा उताराही नवा नाही.

उतारा म्हणजे आधी अख्खा अध्याय वाचणे. कोण बोलतो, कुणाला बोलतो, आधी काय झाले, नंतर काय होणार, एवढे समजल्याशिवाय एक ओळही उचलायची नाही. मग त्यातली आठ-दहा वचने घेऊन ती दोनदा-तीनदा, शक्यतो मोठ्याने, सावकाश वाचायची. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या गीगो नावाच्या कार्थुसियन मठाधिपतीने याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि शेवटी नुसते शांत बसणे. अर्धा तास पुरतो. चूक होते ती बहुतेकदा दुसऱ्या पायरीवर, कारण मनन करताना माणूस गोड लागणाऱ्या ओळीपाशी थांबतो. जी ओळ खुपते, जिच्यावरून पुढे सटकावेसे वाटते, तिथे थांबून पाहावे. नामान यार्देनेपाशी अडला होता, येशूकडे आलेला श्रीमंत तरुण ‘सगळे विक’ या दोन शब्दांपाशी अडला. ज्याला दर वाचनात फक्त शाबासकीच ऐकू येते त्याने समजावे की तो स्वतःशीच बोलतो आहे. आणि भावना दाटून आल्या की वाचन सफल, कोरडे गेले की निष्फळ, ही दुसरी चूक. कोरडेपणा झोप पुरी न झाल्यानेही येतो.

वचन पवित्र जागीच भेटते असेही नाही, याचे मराठीतले दोन दाखले सगळ्यांना माहीत असून वापरले जात नाहीत. नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला तो रेल्वेच्या डब्यात, एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाकडून. त्यांना धरून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने, मत्तयाच्या पाच ते सात या अध्यायांनी. त्या तीन अध्यायांत एकही चमत्कार नाही. उलट सातव्यात असे आहे की ‘तुझ्या नावाने भुते काढली, महत्कृत्ये केली’ म्हणणाऱ्यांना ‘मी तुम्हांला कधी ओळखलेच नाही’ हे उत्तर मिळेल. चंगाई सभेच्या फलकावर हे वचन मी अजून पाहिलेले नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते म्हणत राहिले. आता हा पूल कुठल्या मंडळीच्या नकाशावर होता? रमाबाईंचे तर याहून विचित्र. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी फुलहॅम इथे पतित ठरवलेल्या स्त्रियांना सांभाळणाऱ्या सिस्टर्सचे काम पाहून त्यांनी कारण विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. आणि तरीही १९०७ च्या आपल्या निवेदनात त्या लिहितात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नाही. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षे गेली. धर्मांतर म्हणजे एका क्षणाची घटना असे समजून तिच्या बाजूने किंवा विरोधात भांडणाऱ्या दोघांनाही हे आठ वर्षांचे अंतर परवडत नाही. किंमतही लहान नव्हती. टिळकांच्या निर्णयाने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांचा विरह आणि घोर आला. ती किंमत मोजली जात असताना ती मोजणाऱ्या बाईला कुणी विचारले नव्हते, हा आक्षेप मला आजही खोडता येत नाही.

राहता राहिला विवेकवाद्यांचा खरा आक्षेप, आणि तो अहवाल मागण्यापेक्षा खोल आहे. देव अनपेक्षित जागी भेटतो, ओळखू येत नाही, नंतर कळतो, असे म्हटले की हा दावा खोटा ठरवण्याची सोयच उरत नाही; मग गाढवही देव आणि झुडूपही देव. हा आक्षेप अर्धा मान्य आहे. देव आहे हे या रीतीने सिद्ध होत नाही, आणि तसे भासवणारा फसवतो. पण भेटीचा दावा मात्र तपासता येतो, आणि बायबल तो तपासतेच. होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्याचा प्रसंग घ्या. वारा, भूकंप, अग्नी जातात, त्यांत परमेश्वर नसतो, मग एक मंद आवाज येतो, इथपर्यंत सगळे प्रवचनकार सांगतात. पुढचे सहसा सांगत नाहीत. आवाजाच्या आधी देव विचारतो, ‘एलीया, इथे काय करतोस?’ एलीया गाऱ्हाणे मांडतो: मीच एकटा उरलो. आवाजानंतर तोच प्रश्न पुन्हा, आणि एलीयाचे उत्तर शब्दशः तेच, दहावे वचन आणि चौदावे वचन सारखे. म्हणजे इतका मोठा अनुभव येऊनही त्याचे मन जिथल्या तिथे! त्याला हलवले ते अनुभवाने नाही, पुढच्या आज्ञेने: आलास त्या वाटेने परत जा, अलीशाला तुझ्या जागी नेम, आणि तू एकटा नाहीस, सात हजार आहेत. अनुभव आला पण ‘मीच एकटा’ हे गेले नाही, तर काम पुरे झाले नाही. ‘माझ्यासारखा अभिषेक दुसऱ्या कुणावर नाही’ म्हणणाऱ्याला लावायला यापेक्षा चांगली कसोटी नाही. बाळ शमुवेलाने हाक तीनदा ऐकली आणि तिन्हीदा ती आपल्याला सांभाळणाऱ्या याजकाची, एलीची, समजला. ओळख पटवून दिली म्हाताऱ्या, डोळे गेलेल्या एलीने. आणि हाकेत निरोप काय होता? त्याच एलीच्या घराण्याविरुद्धचा. सांगणाऱ्याला भीती वाटली, ऐकणाऱ्याचे नुकसान झाले, आणि तरी तो ऐकला गेला. ज्या ‘दर्शना’त दर्शन घेणाऱ्याचाच फायदा असतो, जमीन त्याला, मान त्याला, गर्दी त्याला, त्याच्याशी हे ताडून पाहावे.

जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी ही कसोटी आतून लावायला शिकवले. १५२१ च्या मे महिन्यात पांप्लोना इथे तोफगोळ्याने पाय मोडून ते लोयोलाच्या घरी पडून होते. त्यांना शूरवीरांच्या प्रेमकथा हव्या होत्या, घरात ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा तेवढ्या होत्या. दोन्ही प्रकारची स्वप्ने ते बघत राहिले आणि त्यांच्या लक्षात आले की दरबारी स्वप्नांची गोडी स्वप्न चालू असेपर्यंतच राहते, मागाहून मन कोरडे होते. दुसऱ्यांची गोडी नंतरही टिकते. निर्णय घेताना आज काय वाटते यापेक्षा काही दिवसांनी काय उरते ते पाहा, आणि मन खिन्न असताना आधीचा निश्चय बदलू नका, हे नियम त्या अंथरुणातून निघाले. विवेकवाद्याला यातले देव हे नाव नको असेल तर तो वगळू शकतो. पण हे भोळेपण आहे असे मात्र त्याला म्हणता येणार नाही.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटचा न्याय आहे. उजवीकडचे विचारतात, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिले? डावीकडचेही अगदी तोच प्रश्न विचारतात. भेट दोघांचीही झाली होती आणि कळली कुणालाच नव्हती. जेवण घालणाऱ्यांना तो देव वाटला नव्हता, भुकेला माणूसच वाटला होता, आणि म्हणूनच ते गरिबाला पुण्याची शिडी करण्याच्या दोषातून सुटले. मदर तेरेसांना १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत आतून हाक आली. त्यांच्या पत्रांवरून, जी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, असे दिसते की पुढची जवळपास पन्नास वर्षे त्यांना देवाची जवळीक जाणवली नाही. काम मात्र थांबले नाही. अनुभवालाच प्रमाण मानणारे समर्थक आणि अनुभवाचा अभाव म्हणजे ढोंग मानणारे टीकाकार, दोघांनीही ही पत्रे आपल्या हिशेबात कशी बसवायची ते सांगावे.

मंडळ्यांनी यातून आता काय करायचे ते फार अवघड नाही. बरे झाल्याची साक्ष सहा महिन्यांनी घ्या, त्याच रात्री नको. डॉक्टरांचा कागद असेल तर पाळकांनी तो आधी पाहावा. औषध बंद करायला सांगणाऱ्याला व्यासपीठ देऊ नका. अर्पणाचा हिशेब दारावर लावा. कार्डांचा डबा ठेवायचाच असेल तर कार्डावर वचनासोबत अध्याय छापा आणि जानेवारीच्या पहिल्या चार रविवारी ते अध्याय पूर्ण वाचा. फ्रेंच गणिती पास्कलला २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री साडेदहा ते साडेबारा जो अनुभव आला तो त्याने एका कागदावर टिपून कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. १६६२ मध्ये तो गेल्यावर नोकराच्या हाती लागला. सगळ्यांनीच इतके गप्प राहावे असे नाही. पण साक्षीच्या वेळी ज्यांची प्रार्थना ऐकली गेली नाही, ज्यांचे मूल दगावले आणि तरी जे रविवारी येतात, त्यांनाही माइक मिळू द्या, आणि ते बोलत असताना कीबोर्डवाल्याला थांबायला सांगा.